परिच्छेदातील मुख्य मुद्दा, आधाराचे तपशील आणि मांडणी कशी ओळखावी?

प्रथमवर्ष_कला:

नमस्कार. मी कला शाखेच्या पहिल्या वर्षात शिकते आणि इतिहास हा माझा मुख्य विषय आहे. बारावीपर्यंत प्रश्नोत्तरांच्या आधारे अभ्यास होत असे. आता मात्र पूर्ण प्रकरण वाचून त्यातील युक्तिवाद स्वतः शोधावा लागतो. वाचताना मला प्रत्येक वाक्य महत्त्वाचे वाटते आणि पानभर रेघा ओढल्या जातात. आमच्या प्राध्यापकांनी मुख्य विधान, त्याला आधार देणारे तपशील आणि परिच्छेदाची मांडणी या तीन गोष्टी वेगळ्या करून वाचायला सांगितले आहे. सध्या दख्खनच्या दंग्यांचे प्रकरण चालू आहे. त्यातील एका परिच्छेदाचा आशय माझ्या शब्दांत देते.

‘१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि तेथून ब्रिटनला जाणारा कापूस जवळजवळ थांबला. मुंबई इलाख्यातील कापसाला मागणी आली, भाव चढले आणि सावकार शेतकऱ्यांना सढळ हाताने कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव उतरले. १८६७ नंतर अनेक तालुक्यांत शेतसाऱ्याची फेरआकारणी होऊन सारा बराच वाढला. याच सुमारास सावकारांनी कर्ज देताना हात आखडता घेतला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि त्यांच्या वह्या व कर्जखते जाळली.’

यातील मुख्य विधान कोणते? सनावळी दिसते म्हणून मी मांडणीला ‘कालानुक्रम’ म्हटले, ते योग्य आहे का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

इतिहास_अध्यापन:

तुम्ही परिच्छेद दिलात हे फार चांगले केलेत, कारण या विषयावर नुसते नियम सांगून काहीही हाती लागत नाही.

या परिच्छेदाचे मुख्य विधान एकाही वाक्यात लिहिलेले नाही. महाविद्यालयीन पुस्तकांत असे वारंवार घडते आणि पहिले किंवा शेवटचे वाक्य म्हणजे मुख्य मुद्दा, ही शालेय सवय तेथे अपुरी पडते. म्हणून सर्व वाक्ये मिळून काय सिद्ध करू पाहतात, हे स्वतःच्या एका वाक्यात लिहून पाहावे. माझ्या मते ते असे होईल: आधी सहज मिळणारे कर्ज अचानक बंद झाले आणि त्याच काळात साऱ्याचा बोजा वाढला, म्हणून शेतकऱ्यांचा असंतोष सावकारांवर उसळला.

आता प्रत्येक तपशील झाकून पाहा. भाव उतरल्याचे वाक्य काढले, तर कर्ज का थांबले हे कळत नाही. साऱ्याचे वाक्य काढले, तर शेतकऱ्याची निकड कळत नाही. हे प्रमुख आधार होत. ‘१२ मे’ ही तारीख काढली, तर युक्तिवाद जसाच्या तसा उभा राहतो. म्हणून ती येथे गौण. गौण म्हणजे निरुपयोगी नव्हे, कारण परीक्षेत ती लिहावीच लागेल. मात्र विधानाचा भार तिच्यावर नाही.

तपशील जन्मतः प्रमुख किंवा गौण नसतो, हे कृपया लक्षात घ्यावे. वह्या जाळल्याचा उल्लेख तुमच्या परिच्छेदात केवळ घटनेचा शेवट म्हणून येतो. पुढचा परिच्छेद जर ‘शेतकऱ्यांचा रोष मुख्यतः कर्जाच्या कागदपत्रांवर होता’ असे सांगत असेल, तर तोच उल्लेख तेथे सर्वांत मोठा पुरावा ठरेल. त्यामागचे कारण १८५९ च्या मुदतीच्या कायद्यात सापडते. कर्जखत तीनच वर्षे ग्राह्य धरले जाई. व्याज साठत जाऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घेत आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवत. ही माहिती असलेल्या वाचकाला जळणारी खते वेगळीच दिसतात.

संदर्भ_शोधक:

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मांडणीविषयी थोडे अधिक लिहितो.

सनावळी दिसली म्हणजे मांडणी कालानुक्रमाचीच, असे मानू नये. एकामागून एक घडलेल्या गोष्टी नोंदवणे हा कालानुक्रम आणि एकीमुळे दुसरी घडली असा दावा करणे हा कार्यकारणभाव. तुमच्या परिच्छेदात सन हे केवळ बाह्य रूप आहे. १८६५ आणि १८७५ यांच्यामध्ये दहा वर्षे आहेत. एवढे अंतर नुसत्या ‘नंतर’ या शब्दाने भरून निघत नाही, त्यासाठी लेखकाला सारा आणि कर्ज हे दुवे जोडावे लागतात. ‘त्यामुळे’, ‘परिणामी’, ‘याउलट’, ‘उदाहरणार्थ’ हे शब्द शोधण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो उपयुक्तही आहे. पण तुमच्या परिच्छेदात यांपैकी एकही शब्द नाही, तरी कारणांची साखळी पूर्ण आहे. ‘याच सुमारास’ या दोन शब्दांपाशी मात्र थांबावे. दोन गोष्टी एकाच काळात घडल्या, एवढेच लेखक तेथे सांगतो. त्यांचा संबंध वाचकाने जोडावा, अशी त्याची अपेक्षा असते. तो संबंध पुराव्याने दाखवला आहे का, हे विचारणे वाचकाचे काम आहे.

याच विषयातील दुसरा दस्तऐवज घ्या. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे ठेवला गेला. आयोगाने शेतकऱ्यांचे आणि सावकारांचे जबाब घेतले, साऱ्याचे दर, भाव आणि व्याज यांची आकडेवारी गोळा केली. पुराव्याचे प्रकार किती वेगवेगळे आहेत, हे येथे दिसते: कोठे साक्ष, कोठे आकडा, कोठे एखाद्या गावाचे उदाहरण. एवढी सामग्री जमवूनही सरकारी साऱ्याची मागणी हे असंतोषाचे कारण नाही, दोष सावकारांचा आहे, असा निष्कर्ष काढण्यात आला. तुमच्या पुस्तकात प्रमुख आधार असलेला सारा तेथे बाजूला पडतो. तपशील बरेचसे तेच असताना मुख्य विधान बदलते. म्हणून लेखकाने कोणता तपशील मध्यभागी ठेवला आणि कोणता कडेला सारला, हे पाहणे मला या संपूर्ण कौशल्याचा गाभा वाटते.

जीवशास्त्र_द्वितीयवर्ष:

विज्ञानाच्या पुस्तकांत मांडणी बहुधा शीर्षकातच सांगितलेली असते, त्यामुळे आमचे काम थोडे सोपे आहे. पेशीच्या सूत्री विभाजनाच्या (एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याच्या) पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था या टप्प्यांचा क्रम बदलता येत नाही. अर्धगुणसूत्री विभाजनाशी तुलना सुरू झाली की मात्र टप्पे मागे पडतात आणि गुणसूत्रांची संख्या निम्मी होते की तेवढीच राहते, हा निकष पुढे येतो. तेथे मी दोन रकाने आखते. टप्प्यांसाठी बाणांची आकृती काढते.

प्रथमवर्ष_कला:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढच्या परिच्छेदावर प्रयत्न केला आहे, कृपया तपासावा. विषय १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा. मुख्य विधान: कर्जाच्या व्यवहारात दुर्बल ठरलेल्या शेतकऱ्याला कायद्याने न्यायालयात संरक्षण दिले. प्रमुख आधार: कर्जखतावरील रकमेवर न थांबता मूळ व्यवहाराचा इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला, कर्जापायी तुरुंगात टाकण्यापासून शेतकऱ्याला संरक्षण मिळाले. गौण तपशील: कायदा प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांना लागू झाला. मांडणी: तरतुदींची यादी.

इतिहास_अध्यापन:

विधान आणि आधार अचूक आहेत. मांडणी मात्र पुन्हा पाहावी. तरतुदींची यादी हे केवळ वरवरचे रूप झाले. त्या तरतुदी आधीच्या परिच्छेदांतील अडचणींना दिलेली उत्तरे आहेत, म्हणून एकूण रचना समस्या आणि उपाय अशी आहे. व्यवहाराचा इतिहास तपासण्याची तरतूद ही वारंवार नवे खत लिहून व्याज मुद्दलात मिळवण्याच्या प्रथेला थेट उत्तर आहे. दोन्हींच्या समासात एकच खूण करावी, म्हणजे ‘कायद्याचे मूल्यमापन करा’ असा प्रश्न आल्यास कोणत्या अडचणीला उपाय मिळाला आणि साऱ्यासारखी कोणती अडचण तशीच राहिली, हे पान उलटताच दिसेल. जिल्ह्यांची नावे तुम्ही गौण ठरवलीत ते या परिच्छेदापुरते बरोबर आहे; कायद्याच्या मर्यादांवर लिहिताना तीच नावे प्रमुख आधारांत घ्यावी लागतील.