मदत हवी आहे: न बोलणारं भूत नभोनाट्यात कसं ऐकवायचं?

नमस्कार मंडळी. डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल'वर (१८४३) आम्ही मराठीत संगीत नभोनाट्य बसवतोय. गोष्ट लंडनचीच ठेवली आहे. कंजूष नायक स्क्रूजला भेटणारं त्याच्या मेलेल्या भागीदाराचं, मार्लेचं भूत तर कानांसाठीच लिहिलंय असं वाटतं! आधी खोलीतली वापरात नसलेली घंटा हलते, मग घरभरच्या घंटा वाजू लागतात, सगळ्या एकदम थांबतात आणि खाली तळघरातून जड साखळी फरफटत यायला लागते. साखळीला किल्ल्या, कुलुपं, हिशेबाच्या वह्या, पैशांच्या पेट्या. इथे एकही वाद्य नको, यावर मी ठाम आहे.

अडलंय ते शेवटच्या भुतापाशी. भविष्यातला नाताळ दाखवणारं हे भूत अवाक्षर काढत नाही, नुसतं बोट दाखवतं. रंगमंचावर काळा झगा पुरतो, इथे काय करायचं? निवेदक घातला की भीतीच जाते. चेलोचा एकच लांब खर्ज लावून पाहिला, पण स्क्रूजच्या प्रश्नांना भूत उत्तर देतंय हे कळत नाही. स्क्रूजचं गाणं ऐन ओळीत तोडून नुसती शांतता ठेवली तर? ती किती लांबवता येईल? हेडफोन लावून ऐकणाऱ्याला रेकॉर्डिंग बंद पडलं असं वाटायला नको. रेडिओवर श्रुतिका केलेल्यांनी कृपया सांगा, फार गरज आहे.