मदत हवी आहे : अटलांटाजवळ नवे घर, फोर्सिथ की ग्विनेट काउंटी?

सर्वांना सप्रेम नमस्कार. अटलांटाच्या उत्तरेकडे बांधकाम सुरू असलेल्या वसाहतीत घर घेण्याचा आमचा विचार असून फोर्सिथमधील कमिंग आणि ग्विनेटमधील सुवानी या दोन परिसरांत निर्णय होत नाही. शाळांमुळे ओढा फोर्सिथकडे आहे. परंतु माझे कार्यालय अटलांटा शहरातील मिडटाउन भागात आहे आणि मार्टा ही शहरी रेल्वे उत्तरेला नॉर्थ स्प्रिंग्जपर्यंतच येत असल्याने तिथवर जीए-४०० महामार्गावरून गाडीनेच जावे लागेल. सकाळच्या गर्दीत हे रोज झेपते का, हे तिथे राहणाऱ्यांनीच सांगावे.

दुसरी शंका कराची आहे. जॉर्जिया राज्यात मालमत्ता कर १ जानेवारीच्या स्थितीवर आकारला जातो. त्यामुळे त्या दिवशी प्लॉट मोकळा असेल, तर पहिल्या वर्षीचे बिल केवळ जमिनीचे येते आणि पुढच्या वर्षी घराचाही कर लागून, करासह भरायचा गृहकर्जाचा मासिक हप्ता एकदम वाढतो. आपल्याकडे ही वाढ कितपत झाली? नव्या शाळा उघडल्यावर शाळांच्या हद्दी बदलून वसाहतीला ठरलेली शाळा बदलल्याचा अनुभव कोणाला आहे का?

आई-बाबा काही महिने आमच्याकडे राहणार असल्याने तळमजल्यावर शयनगृह आणि स्नानगृह हवेच, शिवाय त्यांना गाडीविना फिरता येईल असे पदपथही हवेत; अशी वसाहत माहीत असल्यास कृपया अवश्य सुचवावी.