मदत हवी आहे: टी पेशींचं सुपरनेटंट घालूनही आयजीजी२ए शून्य

कुळागर
उंदराच्या प्लीहेतल्या बी पेशी, त्यांना चेतवायला एलपीएस (जिवाणूंच्या भिंतीतलं द्रव्य), वर कॉन ए-ने (टी पेशी चेतवणारं प्रथिन) चेतवलेल्या टी पेशींचं सुपरनेटंट (पेशींवरून काढलेलं माध्यम) २५ टक्के. सहाव्या दिवशी एलायझा (अँटिबॉडी मोजायची चाचणी). अँटिबॉडीच्या प्रकारांपैकी आयजीएम भरपूर, आयजीजी१ बऱ्यापैकी, आयजीजी२ए काहीच नाही. सुपरनेटंटमध्ये इंटरफेरॉन-गॅमा (पेशींना आयजीजी२एकडे वळवणारा सायटोकाइन, म्हणजे संदेश देणारं प्रथिन) आहे, मोजलंय. स्टँडर्डची (माहीत प्रमाणातल्या शुद्ध अँटिबॉडीची) रेषा झकास आली, तेव्हा एलायझावर घसरू नका. चवथीच्या सुट्टीआधी आकडे द्यायचेत. काय बदलू तेवढंच सांगा, थिअरी नको.

आयएल_चार
सुपरनेटंट म्हणजे खिचडी. आयएल-४ (आयजीजी१कडे वळवणारा सायटोकाइन) आणि इंटरफेरॉन-गॅमा एकाच वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) असले की एकमेकांचा परिणाम खातात. स्नॅपर आणि पॉल या संशोधकांनी १९८७ मध्येच दाखवलंय. सरळ रिकाँबिनंट, म्हणजे बाटलीत मिळणारे शुद्ध सायटोकाइन घ्या. एलपीएस १० मायक्रोग्रॅम प्रति मिली ठेवून एका वेलमध्ये आयएल-४ २० नॅनोग्रॅम, दुसऱ्यात इंटरफेरॉन-गॅमा १० नॅनोग्रॅम, तिसऱ्यात नुसतं एलपीएस. तिसऱ्यात आयजीएम आणि आयजीजी३ दिसायला हवं.

रापण
त्यांचा प्रश्न टी पेशी काय सोडतात हा आहे, बाटलीतलं प्रथिन काय करतं हा नाही. कुळागर, उरलेलं कॉन ए निकामी केलंत का? अल्फा-मिथाइल-मॅनोसाइड, २० मिलिग्रॅम प्रति मिली. नाही घातलं तर पेशींचे गठ्ठे होतात, आणि बी पेशींत राहून गेलेल्या थोड्या टी पेशीही चेततात. मग कुठला सायटोकाइन तुम्ही घातलेला आणि कुठला तिथेच तयार झालेला, कळणार कसं? बी पेशी वेगळ्या कशा केल्या तेही लिहा.

कुळागर
मॅनोसाइड घातलंय. सीडी४३ (बाकीच्या पेशींवरचं खुणेचं प्रथिन) धरणारे मणी लावून त्या पेशी काढल्या. मर्कॅप्टोइथेनॉल (पेशी जगवायला माध्यमात घालतात ते) ५० मायक्रोमोलर आहे, ते विचारायच्या आधीच सांगतो.

आयएल_चार
२५ टक्केही जास्तच. वापरून झालेलं माध्यम आहे ते, ग्लुकोज संपलेलं, आम्ल वाढलेलं. ५, १० आणि २० टक्के अशी उतरंड लावा.

रापण
उतरंड हवीच, पण त्याने कुठला घटक काम करतोय ते कळत नाही. त्यासाठी रोखणारी अँटिबॉडी घाला: आयएल-४साठी ११बी११, इंटरफेरॉन-गॅमासाठी एक्सएमजी१.२, दोन्ही १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, सोबत आयसोटाइप कंट्रोल (तुलनेसाठी त्याच प्रकारची, पण यातलं काही न रोखणारी अँटिबॉडी). ११बी११ घातल्यावर आयजीजी१ पडलं तर ते सुपरनेटंटमधल्या आयएल-४चंच काम. जमलं तर आयजीए पण बघा, त्यात आयएल-५ असतंच.

आयएल_चार
आयएल-५ने आयजीएकडे वळण होत नाही हो. ते वळण टीजीएफ-बीटा या सायटोकाइनचं. आयएल-५ फक्त आधीच वळलेल्या पेशींचा स्राव वाढवतं. आणि टीजीएफ-बीटा जास्त झालं की पेशींचं विभाजनच थांबतं, १ नॅनोग्रॅमच्या आसपास राहा.

शिगमो
पावसात घरभर बुरशी, मुलाला शिंका थांबत नाहीत. माणसात आयजीई (ॲलर्जीतली अँटिबॉडी) वाढवण्यात आयएल-४बरोबर आयएल-१३चाही हात असतो. डुपिलुमॅब हे औषध दोघांच्या रिसेप्टरची सामाईक अल्फा साखळी अडवतं, म्हणून दोन्ही बंद. याचा उपयोग होईल.

रापण
कुणाला? इथे उंदीर चाललेत. ॲलर्जीसाठी वेगळा धागा काढा.

पठारी
बुरशीवरून आठवलं, इनक्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये साधं पाणी ठेवू नका. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत निर्जंतुक डिस्टिल्ड पाणी, आठवड्याला बदल. वीज गेल्यावर दार उघडून तापमान बघू नका, तेवढ्यानेच कार्बन डायऑक्साइड उडतो.

म्हादई
उंदीर कुठल्या जातीचा, हे अजून कुणी विचारलंच नाही?

कुळागर
काळा. सी५७बीएल/६. त्याने काय होतं?

म्हादई
सगळंच होतं. या जातीत आयजीजी२एचा जीनच नाही, त्या जागी आयजीजी२सी आहे. इंटरफेरॉन-गॅमाने वळलेल्या तुमच्या पेशी २सी बनवताहेत. तुमच्या एलायझाची अँटिबॉडी २एवर बेतलेली मोनोक्लोनल (एकाच जागी चिकटणारी) असेल तर ती २सी धरणारच नाही. पॉलिक्लोनल (अनेक जागी चिकटणाऱ्यांचं मिश्रण) थोडंफार धरते, पण किती ते लॉटवर. स्टँडर्डची रेषा झकास येणारच, कारण स्टँडर्ड शुद्ध २ए आहे. रेषा अँटिबॉडी चांगली असल्याचं सांगते, नमुन्यात २ए असू शकतं का ते नाही.

आयजीजी२सीची धरणारी आणि दाखवणारी अँटिबॉडी घ्या, स्टँडर्डही २सीचाच. जुनं सुपरनेटंट उणे २०वर असेल तर कल्चर परत करू नका, तेच १:१०, १:५० आणि १:२५० करून चालवा. सोबत पेशी न घातलेलं माध्यमही लावा. माध्यमातल्या १० टक्के एफबीएसमध्ये (गर्भातल्या वासराचं सीरम) गाईचं आयजीजी असतं, त्याला चिकटणारी अँटिबॉडी असली की रिकाम्या वेललाही रंग येतो.

आयएल_चार
तरी रिकाँबिनंटचा एक वेल ठेवाच. २सीचं किट चालतंय का, ते एलपीएस अधिक इंटरफेरॉन-गॅमावरच कळेल.

रापण
हे मात्र बरोबर.

कुळागर
डबीवर २ए मोनोक्लोनलच लिहिलंय. नमुने उणे २०वर आहेत. ऑर्डर केली तर चवथीनंतरच येणार. ताळगाव किंवा बांबोळीला कुणाकडे २सीची जोडी पडून असेल तर सांगा, बर्फाचा डबा घेऊन मीच येतो.