मदत हवी आहे: लटकत्या सीलिंग पॅनलभोवती स्प्रिंकलर कुठे बसवायचे?

मंडळी, पुण्यात एका ऑफिसच्या इंटिरिअरचं काम चालू आहे. पूर्ण फॉल्स सीलिंग नाही. स्लॅब 3.6 मीटरवर, आणि त्याखाली 2.8 मीटरवर आवाज शोषणारे 1.5 × 2.4 मीटरचे सुटे पॅनल लटकवायचे आहेत. दोन पॅनलमध्ये 300 मिमी फट. स्लॅबखाली आगीत आपोआप पाणी फवारणारे स्प्रिंकलर आधीपासून आहेत; त्यांचा काचेचा बल्ब 68 अंश सेल्सिअसला फुटतो आणि पाणी सुटतं.

कंत्राटदार म्हणतो, सगळे स्प्रिंकलर खाली पॅनलच्या पातळीवर आणू, पाइप वाचेल. पण आग लागली की गरम हवा फटीतून वर स्लॅबला जाऊन साठणार, मग खालचा बल्ब वेळेत फुटेल का? वरचेच ठेवले तर पॅनल पाणी अडवणार. 1.2 मीटरपेक्षा रुंद अडथळ्याखाली वेगळा स्प्रिंकलर लागतो, हे एनएफपीए 13 (स्प्रिंकलर बसवण्याचं अमेरिकन मानक) मध्ये आहे. म्हणजे वर-खाली दोन्हीकडे हवेत, असं मला वाटतं. पण मग वरचं पाणी खालच्या बल्बवर पडून तो थंडच राहिला तर? त्यावर पत्र्याची ढाल लावतात का?

फट कमी केली तर वरचे काढता येतात का? फायर एनओसीच्या (अग्निशमन दलाच्या ना-हरकत दाखल्याच्या) तपासणीत असं काम कोणी पास करून घेतलंय? ड्रॉइंग पुढच्या आठवड्यात द्यायचं आहे.