ऑगस्टमध्ये श्रीलंका? जरूर जा, फक्त बाजू बदला
ऑगस्टात पाच दिवस श्रीलंकेला जायचं म्हणताय, आणि ‘पावसाळा आहे, रद्द करा’ असा सल्ला मिळालाय. अजिबात रद्द करू नका! मे ते सप्टेंबरचा नैर्ऋत्य मोसमी पाऊस मुख्यतः कोलंबो, गाल, मिरिसा या बाजूला पडतो. मधले डोंगर ढग अडवतात. महाबळेश्वर चिंब आणि माण-खटाव कोरडं, अगदी तसंच. पूर्वेकडे त्रिंकोमालीला तेव्हा बहुतेक ऊन असतं, जवळच्या निलावेली किनाऱ्याचा समुद्रही शांत.

म्हणून विमानतळावरून थेट सिगिरिया गाठा. तिथला प्राचीन किल्ल्याचा खडक सकाळी लवकर चढा, नंतर ऊन फार चटकतं. दुपारी मिन्नेरिया राष्ट्रीय उद्यान. तिथल्या तलावाचं पाणी या दिवसांत ओसरतं, उघड्या पडलेल्या काठावर कोवळं गवत उगवतं आणि ते खायला हत्तींचे कळपच्या कळप, पिल्लांसकट, संध्याकाळी उतरतात. एवढं एक चुकवू नका, बाकी काहीही कमी करा. मग त्रिंकोमालीला दोन रात्री.

मिरिसाचे देवमासे या खेपेला सोडा, तिकडचा समुद्र खवळलेला असतो. कँडीचा एसला पेराहेरा हा मिरवणुकीचा बौद्ध उत्सव तुमच्या तारखांत येत असेल (पौर्णिमेप्रमाणे दरवर्षी बदलतो) तर खोली आत्ताच बुक करा.