वासासाठी जनुक घालायचं नाही, मोडायचं

येळ्ळूर-वडगावच्या बासमतीचा वास सोना मसुरीत आणायला बासमतीचं जनुक त्यात घालावं लागेल का, असं बऱ्याचदा विचारलं जातं. नाही लागत. बासमतीच्या वासामागे बहुधा बिघडलेलं बीएडीएच२ जनुक असतं: सातव्या एक्झॉनमधली (जनुकाच्या प्रथिनाचा संकेत देणाऱ्या तुकड्यातली) डीएनएची ८ अक्षरं गळालेली. म्हणजे काम मोडतोडीचं, आणि कात्री जिवाणूंची, क्रिस्पर-कॅस९ नावाची.

जिवाणू हल्लेखोर विषाणूच्या डीएनएचा तुकडा स्वतःच्या जनुकसंचात जपून ठेवतात. दह्याच्या विरजणातल्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसवर २००७ मध्ये हे प्रयोगाने सिद्ध झालं. त्या तुकड्याची आरएनए नक्कल डीएनए कापणाऱ्या कॅस९ प्रथिनाला नेमकी जागा दाखवते. २०१२ मध्ये शास्त्रज्ञ शार्पांतिये आणि डाउडना यांच्या गटांनी लागणारे दोन आरएनए जोडून एकच वाटाड्या केला. त्यातली २० अक्षरं बदलली की नवा पत्ता.

नेहमी वापरल्या जाणाऱ्या कॅस९ची अट एकच: डीएनएत पत्त्याला लागून एनजीजी हवं (एन म्हणजे कोणतंही अक्षर). जिवाणूने जपलेल्या तुकड्यांना लागून ते नसतं, म्हणून तो स्वतःला कापत नाही. काप एनजीजीच्या ३ अक्षरं अलीकडे पडतो. पेशी तो घाईने सांधते, तेव्हा एखाद-दुसरं अक्षर गळतं किंवा घुसतं.

फसगत इथेच होते. नेमकी ३ अक्षरं गळली तर वाचनचौकट (अक्षरं तीन-तीनने वाचायची रांग) शाबूत राहते, आणि जनुक बऱ्याचदा चालूच! म्हणून सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचून तपासणं) टाळू नका. शिवाय हा गुण अप्रभावी, तेव्हा दोन्ही प्रती मोडायला हव्यात. कापण्यासाठी रोपात घातलेलं कॅस९चं जनुक ज्यांत उरलं नाही, अशी रोपं तेवढी पुढच्या पिढीत निवडायची.