कॉग्निटिव्हमध्ये मास्टर्स करायचंच असेल तर

भाचीला माणसांच्या वागण्यात इंटरेस्ट आहे म्हणून कॉग्निटिव्ह सायकॉलॉजीत (लक्ष, स्मरण, विचार डोक्यात कसे चालतात याचा अभ्यास) मास्टर्स करायचंय म्हणालात, तर आधी तिला विचारा की स्टॅटिस्टिक्स चालेल का, कारण तिथे गप्पा कमी आणि डेटा जास्त असतो. स्ट्रूप नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा १९३५चा प्रयोगच घ्या ना, 'लाल' हा शब्द निळ्या शाईत लिहिलेला असतो आणि तुम्ही शाईचा रंग सांगायचा, माणूस हमखास अडखळतो. आता हे अडखळणं मिलिसेकंदात मोजायचं आणि त्यावरून आपलं लक्ष कसं चालतं याचा अंदाज बांधायचा, असलं काम दोन वर्षं आवडीने करता आलं पाहिजे. मला तरी मजा येते, पण सगळ्यांना येत नाही.

आणि पुस्तकातलं सगळं खरं मानून चालत नाही बरं का. २०१५ साली सायकॉलॉजीतल्या १०० जुन्या प्रयोगांची ते परत करून तपासणी झाली त्यात जेमतेम ३६ टक्के टिकले, कॉग्निटिव्हवाल्यांचे साधारण निम्मे आणि सोशल सायकॉलॉजीवाल्यांचे तर पावच. त्यामुळे मेथड्सचा, म्हणजे संशोधन कसं करायचं याचा पेपर रटाळ वाटला तरी खरा कस तिथेच लागतो.

आपल्याकडे अलाहाबाद विद्यापीठाचं कॉग्निटिव्ह सायन्सचं सेंटर आणि आयआयटी गांधीनगरचं त्याच विषयातलं एमएस्सी बघा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होऊन थेरपी करायची असेल तर मात्र हा रस्ताच नाही, क्लिनिकल सायकॉलॉजीला जायचं आणि आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन मिळतंय ना ते अ‍ॅडमिशनआधीच तपासायचं.